दरड आणि वाहून गेलेली मोरी: पाटणच्या वरचा कच्चा रस्ता थार-जिम्नीला झेपेल का?

सातरस्ता:
नमस्कार मंडळी. सोलापुरातून दोन-तीन गाड्या घेऊन पाटण तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या वाडीपर्यंत जायचं ठरतंय, दसऱ्यानंतर. पंढरपूर, विटा, कराड करत पाटणपर्यंत प्रश्न नाही. वरचा शेवटचा सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता यंदाच्या पावसात तीन ठिकाणी खराब झालाय. वाडीतला एकजण रोज मोटरसायकलने खाली-वर करतो, त्याने टेप लावून मापं पाठवली आहेत.

पहिली जागा: दरड आलेली. ढीग रस्त्यावर १२ मीटर लांब पसरलाय, लाल माती आणि त्यात दगड, उतार दरीकडे. मोटरसायकलची वाट पडली आहे.
दुसरी: नळीची मोरी गेली. चर १.८ मीटर रुंद, ९० सेंमी खोल, दोन्ही काठ उभे, तळाला घोटाभर वाहतं पाणी.
तिसरी: वळणावर दरीकडची कड तुटली, उरलेली रुंदी २.४ मीटर.

गाड्या: थार डिझेल मॅन्युअल, १८ इंची एटी टायर (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचे). जिम्नी मॅन्युअल, कंपनीचेच टायर. तिसरा मित्र बोलेरो आणतो म्हणतोय, ती टू व्हील ड्राइव्ह. विंच (गाडीवरचं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) कुणाकडेच नाही. ऊसाच्या ट्रॉलीची साखळी आणि दोन शॅकल (पिन लावून बंद होणाऱ्या लोखंडी कड्या) आहेत. टायरची हवा किती ठेवायची, चर तिरका घ्यायचा की सरळ, आणि बोलेरो न्यायची का, हे तीन मुख्य प्रश्न. बाकी जे सुचेल ते सांगा.

घाटमाथा:
मापं पाठवलीत हे बरं केलंत मालक, नाहीतर इथे लोक नुसता फोटो टाकून "जाईल का" विचारतात.

सगळ्यात अवघड जागा तुम्हाला मोरीची वाटत असेल. माझ्या मते ती तिसरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल. डोंगरातला कच्चा रस्ता अर्धा कापून आणि अर्धा भरून केलेला असतो. डोंगराकडची बाजू मूळ जमिनीत कापलेली, दरीकडची बाजू त्याच कापणीतून निघालेल्या मालाचा भराव. पाऊस भराव नेतो, कापलेली बाजू राहते. म्हणजे २.४ मीटर उरलेत त्यातला किती भाग मूळ जमीन आणि किती अजून न पडलेला भराव, हे वरून दिसत नाही. भाकरीचा पापुद्रा सुटतो तशी कड वर शाबूत दिसते आणि खाली पोकळ असते. वळणाच्या खाली उतरून, बाजूने कडेकडे बघायचं आणि पहार आडवी आत घालून पोकळी किती खोल जाते ते मोजायचं. ही पोकळी २.४ मधून वजा करा. राहील ती तुमची खरी रुंदी.

आता हिशेब. आरसे सोडून थारची रुंदी १.८२ मीटर, जिम्नीची १.६४५. डोंगराच्या भिंतीपासून ३० सेंमी सोडून गाडी नेली तर थारच्या बाहेरच्या चाकापलीकडे २८ सेंमी उरतात, जिम्नीच्या पलीकडे साधारण ४५. खालची पोकळी ३० सेंमी निघाली की थारचं चाक हवेवर आहे असं समजा. जिम्नीला तेव्हाही थोडी जागा आहे. पण कडेला समांतर भेग दिसली, बोट जाईल एवढी जरी असली, तरी दोन्हींचा विषय संपला. ती भेग म्हणजे पुढचा तुकडा सुटायची रेघ. डोंगराकडचं गटार मोठ्या दगडांनी भरून गाडी अजून २०-२५ सेंमी आत घेता येते, पण पाणी वाहायला फट ठेवा, नाहीतर पुढच्या पावसात तेच पाणी रस्त्यावरून जाऊन उरलेली कड नेईल.

मोरीचा चर. ९० सेंमी उभ्या काठाचा चर तिरका घेऊ नका. तिरका घेण्याचा सल्ला उथळ चरासाठी असतो, गुडघ्याच्या खालचा, जिथे एकेक चाक उतरतं आणि बाकी तीन वर राहतात. इतक्या खोलीत तिरकं गेलात तर पुढचं एक चाक खाली, त्याच्या तिरक्या समोरचं मागचं चाक हवेत, आणि गाडी कलते.

सरळ जायचं तर काठ उतरते करावे लागतील. किती उतरते? थारचा पुढचा कोन, म्हणजे बंपर न टेकता चढता येतो तो, ४१.८ अंश; पोटाचा, म्हणजे कंगोऱ्यावर पोट न टेकता जातं तो, २७. जिम्नीचे ३६ आणि २४. लोक फक्त पुढचा कोन बघतात. व्ही आकाराच्या चरात उतरताना आणि चढताना दोन्ही उतारांची बेरीज बंपरसमोर येते. दोन्ही बाजू २७ अंशांच्या केल्या तर बेरीज ५४, बंपर समोरच्या काठात घुसणार. शिवाय वरच्या कंगोऱ्यावर २७ अंश म्हणजे थारचं पोट टेकायच्या बेतात आणि जिम्नीचं टेकलेलंच. त्यामुळे तीनास एक उतार धरा, म्हणजे साधारण १८ अंश. तोही पूर्ण ९० सेंमीवर करायला प्रत्येक बाजूला पावणेतीन मीटर लांब खणावं लागेल. त्यापेक्षा तळ ३० सेंमी भरून घ्या. खोली राहिली ६०, उतार प्रत्येक बाजूला १.८ मीटर, मध्ये सपाट तळ. यात दोन्ही गाड्या बसतात.

पूर्ण रुंदी भरायची गरज नाही. चाकांच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ६० सेंमी रुंद. दगड लागेल साधारण पाऊण घनमीटरच्या आत, म्हणजे टनभर. चौघांना दीड-दोन तास. पण दोन गाड्यांच्या चाकांतलं अंतर सारखं नसतं, पट्टीची मधली रेघ थारवर धरा आणि आतल्या बाजूला दहा सेंमी जास्त घ्या. खाली मोठे दगड, टोकं एकमेकांत अडकवून, त्यांच्यात फटी ठेवून. पाणी त्या फटींतून गेलं पाहिजे. वर मुठीएवढे. माती किंवा मुरूम तळात टाकायचा नाही, फटी बुजतात आणि तुमचा बांध तयार होतो. खणलेला मुरूम सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरून उताराच्या पायथ्याला लावा. पोती अर्धीच भरा, गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि चाकाखालून निसटतं.

गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग कमी), पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. उतरताना इंजिन धरून ठेवतं. बोनेटपुढे रस्ता दिसेनासा होईल तेव्हा समोरच्या एकाच माणसाच्या हाताकडे बघायचं. तो एकच. चौघे चार बाजूंनी ओरडायला लागले की ड्रायव्हर सगळ्यात मोठ्या आवाजाचं ऐकतो, बरोबर माणसाचं नाही.

दरडीच्या ढिगावर दरीकडे उतार किती आहे ते मोजा. गवंड्याची लेव्हल आणि फळी घ्या, दीड मीटर फळी आडवी समतल धरली की दरीकडच्या टोकाखाली किती अंतर राहतं ते बघा. ४० सेंमी म्हणजे १५ अंश. तिथपर्यंत ठीक, टपावर काही नसेल तर. ५५ झालं म्हणजे २० अंश, तसं जायचं नाही. उतार कमी करायला दरीकडच्या चाकाच्या वाटेवर दगडांची पट्टी बसवून ती बाजू उचलून घ्या.

मुरूमखाण:
बाकी सगळं मान्य, शेवटच्या वाक्याशी नाही. दरीकडची बाजू दगडांनी उचलणं म्हणजे सगळ्यात कच्च्या जागेवर आणखी वजन टाकणं. ढिगाखाली मूळ रस्त्याचा भराव आहे, त्यात पाणी मुरलेलं आहे. वर दरडीचं वजन आधीच बसलंय, त्यात तुमचा दगड, त्यात पावणेदोन टनांची थार. उलट करा: डोंगराकडच्या चाकाची वाट खाली खणा. पण वीतभरच. त्याहून जास्त खणलंत तर दरडीचा पाय कापला जातो आणि वरचा माल खाली सरकतो. वीतभर खणून उतार १५ अंशांत येत नसेल तर तो ढीग हातांनी सुटणारा नाही, त्याला जेसीबी लागतो.

आणि खणायच्या आधी वर बघा. ढिगाच्या माथ्यावर ताजी भेग, तिरकी झालेली झाडं, मधूनच खडे घरंगळण्याचा आवाज, कड्यातून गढूळ पाणी: यातलं एकही असेल तर खाली कुणी फावडं घेऊन उभं राहायचं नाही. त्या पट्ट्यात २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर जांभा आणि माती, खाली काळा बेसॉल्ट, पाणी मधल्या सांध्यावर साठतं आणि वरचा थर सुटतो. पाऊस थांबला की लगेच धोका संपतो असं नाही, मुरलेलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो. चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या.

लाल मातीची परीक्षा: वर कोरडी खपली धरते, आत लोणी. पहार नुसत्या हाताच्या जोराने कोपरापर्यंत आत गेली तर तिथे चाक बसणार. मोटरसायकल गेली यावर भरवसा ठेवू नका, ती हलकी, तिला एक वाट पुरते आणि घसरली तर माणूस पाय टेकतो.

घाटमाथा:
मुरूमखाण, रस्ता त्या जागी खडकात कापलेला आहे की भरावावर आहे यावर ते ठरेल. खाली उतरून बघितल्यावर कडेला अखंड काळा दगड दिसला तर पट्टी बसवायला हरकत नाही, डोंगराचा पाय न छेडता काम होतं. माती-मुरूम दिसला तर तुमचं बरोबर, खणायचं. सातरस्ता, त्या मोटरसायकलवाल्याला कडेचा खालून काढलेला फोटो पाठवायला सांगा, त्यावरून कळेल.

लिव्हरब्लॉक:
ऊसाच्या ट्रॉलीची साखळी घरी ठेवा. त्या साखळीवर ग्रेड नसतो, कडी कुठे झिजलीय कळत नाही, ती ताणत नाही, तुटली की गोळीसारखी येते. ट्रॅक्टर हळूहळू ओढतो तेव्हा ती चालते, चिखलातली गाडी उपसताना नाही. शॅकल बघा, अंगावर ४.७५ टन असं कोरलेलं पाहिजे. कोरीव नसेल तर भंगारात.

आता महत्त्वाचं. इंटरनेटवर सगळीकडे दिसतं ती झटक्याने ओढायची पद्धत, नायलॉनचा ताणणारा पट्टा आणि पुढच्या गाडीची धाव, ती या रस्त्यावर वापरायची नाही. मोकळ्या रानात ठीक. तुमच्याकडे एका बाजूला दरी आणि खाली भराव. झटक्याने फसलेली गाडी सरळ येत नाही, ज्या बाजूला ओढ असेल तिकडे फिरते, आणि ओढणारी गाडी ज्या कडेवर जोर लावते ती कड जाते. इथे हळू आणि सतत ओढ पाहिजे.

विंच नाही म्हणता, तर तीन टनांचा लिव्हर ब्लॉक घ्या, म्हणजे दांडा मागे-पुढे करून साखळी ओढणारं हाताचं यंत्र. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे लिफ्टिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा, भाड्यानेही देतात काहीजण. साधी चेन पुली घेऊ नका, ती उभी टांगून उचलायला असते, आडवी लावली की हाताची साखळी अडकते. लिव्हर ब्लॉक आडवा चालतो. त्याची ओढ एका वेळी दीड मीटरची, म्हणून मध्ये लांबीसाठी कमी ताणणारा पॉलिस्टरचा पट्टा लागेल, पाच-सहा टनांचा, दोन नग. गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली की तिला हलवायला साधारण तिच्या वजनाइतका जोर लागतो, चढावर त्याहून जास्त. पावणेदोन टनांना तीन टन म्हणजे हात राखून.

अडकवायचं कुठे? दरडीतल्या मोठ्या दगडाला कधीच नाही, तो स्वतः सुटा आहे. जिवंत झाड, मांडीपेक्षा जाड, जमिनीजवळ, आणि सालीला रुंद पट्टा, नुसता दोर नाही. झाड नसेल तर दुसरी गाडी, चारही चाकांना दगड लावून. ओढ चालू असताना पट्ट्यावर गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाका आणि पट्ट्याच्या दीडपट अंतरात कुणी नको. गाडीला टो हुकच्या जागीच बांधा. टो बॉलला (ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला) नाही, तो उडून माणसं मेलीत.

दरडीचा ढीग पार करताना एक पट्टा वरच्या बाजूने, डोंगराकडच्या खंबीर जागेला आणि चासीला बांधून ठेवता आला तर ठेवा. गाडी पुढे जाईल तसा एक माणूस सोडत जातो, तो वरच्या अंगाला उभा. ओढायला नाही, घसरली तर थोपवायला.

सातरस्ता:
हे सगळं सोन्यासारखं आहे. बोलेरो आणि टायरच्या हवेबद्दल अजून कुणी बोललं नाही. आणि इथे सोलापुरात सराव करायला जागा कुठे आहे? आपल्याकडे डोंगर नाही.

काळीरान:
बोलेरो खाली गावात ठेवा. मोरीच्या चरात मागचं एक चाक जरी हलकं झालं तरी सगळा जोर त्याच चाकाला जातो आणि गाडी जागेवर. तिचा उपयोग वेगळा आहे: खाली एक माणूस आणि एक गाडी, ठरलेल्या वेळेत वरचे आले नाहीत तर मदत आणायला. वर नेटवर्क नसणार, त्यामुळे वेळ आधी ठरवा. आपत्कालीन ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७, दोन्ही खालच्याने लावायचे. गाड्यांमध्ये वॉकीटॉकी घ्याल तर परवानामुक्त वारंवारितेचेच घ्या, ऑनलाइन मिळणारे सगळे तसे नसतात.

हवा. एकच आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नका, दारावरच्या स्टिकरचा आकडा धरा आणि तिथून खाली या. तुमच्या रस्त्यावर दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध आहेत. मातीला कमी हवा पाहिजे, तुटक्या बेसॉल्टला जास्त. ताज्या दरडीचा दगड धारदार असतो, झिजलेला नसतो. हवा फार कमी केली की टायरचा बाजूचा भाग फुगतो आणि तोच धारेवर घासतो. तिथे चीर पडली की पंक्चरचं दोरीचं किट काही कामाचं नाही. म्हणून पाव भाग कमी करा, फार तर तीस टक्के. स्टिकर ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) म्हणत असेल तर २३-२४. जिम्नी हलकी आहे, टायर अरुंद, तिला २० च्या खाली जायची गरजच पडणार नाही. चिखलात खरोखर अडकलात तरच १८, बाहेर आलात की परत भरा. हवा थंड टायरवर मोजायची. विट्याहून उन्हात कराडला पोहोचून लगेच मोजली तर तीन-चार पीएसआय जास्त दाखवते आणि तुम्ही काढता त्यापेक्षा जास्त काढून बसता. कंप्रेसर बॅटरीच्या चिमट्यांचा घ्या, सिगारेट सॉकेटवाला चार टायर भरताना फ्यूज उडवतो. जिम्नीच्या स्टेपनीचीही हवा बघा, ती कुणी बघत नाही.

सराव: आपल्या काळ्या रानात करू नका, निदान ओल्यात. तिथे शिकलेलं तिकडे कामाला येत नाही. काळी माती टायरच्या नक्षीत भरते, दोन फेऱ्यांत एटी टायर गुळगुळीत होतो, मग लोक जोरात रेस करायला शिकतात. दरडीवर तीच सवय घात करते. बंद पडलेली मुरमाची खाण किंवा माळरान बघा, मालकाला विचारून. तिथे फावड्याने ६० सेंमी खोल चर खणा, तीनास एक उतार करा, वर घाटमाथांनी दिलेल्या मापांनी, आणि तो थारने आणि जिम्नीने रिकाम्या गाडीने दहादा घ्या. चाकांखाली काय आहे ते आतून दिसत नाही, ते बाहेरच्या माणसाच्या हाताच्या खुणेवर शिकावं लागतं. खुणा आधी ठरवा: डावीकडे, उजवीकडे, ये, थांब, मागे. थांब म्हणजे लगेच थांब, ही एकच खूण कुणीही देऊ शकतो, बाकी सगळ्या एकाच माणसाच्या.

थारमध्ये मागे मेकॅनिकल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा) असेल तर त्याचीही ओळख इथेच करून घ्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच वेगाने फिरलं की ते खट्टकन लागतं. लागताक्षणी गाडी सरळ रेटा देते, वळणावर असाल तर मागचा भाग बाजूला सरकू शकतो. २.४ मीटरच्या वळणावर हे पहिल्यांदा अनुभवायला नको. जिम्नीत उलट आहे. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्याला दिला जातो, त्याला सेकंद-दोन सेकंद ॲक्सिलरेटर स्थिर धरावा लागतो. नवखा माणूस चाक फिरताना बघून पाय काढतो आणि म्हणतो, गाडीत दम नाही.

वाटसरू_बाळे:
एक सोडून सगळं झालं. तो रस्ता कोणाचा? जिल्हा परिषदेचा असेल तर ग्रामपंचायतीत विचारा की दुरुस्ती कधी आहे. जेसीबी आठवड्याभरात येणार असेल तर टनभर दगड हलवण्यापेक्षा आठवडाभर थांबलेलं बरं. आणि वाडी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा लगत येत असेल तर वनखात्याची परवानगी आधी, तिथे रस्ता खणणं किंवा दगड हलवणं तुमच्या मनावर नाही. रस्ता अधिकृतपणे बंद केलेला असेल तर विषयच नाही.

सातरस्ता:
ग्रामपंचायतीत फोन करतो. एक शेवटचं. वर गेल्यावर परतीचा पाऊस आला तर?

घाटमाथा:
दसऱ्यानंतर तिकडे पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, विजांसकट. त्यामुळे पहाटे चढायचं, अकराच्या आत वर. दुपारी ढग जमायला लागले की उतरायची घाई करू नका, उलट गाड्या वाडीतच ठेवा. वर अडकणं म्हणजे एक रात्र गेली. खाली येताना ओल्या दरडीवर अडकणं वेगळं. म्हणून एका रात्रीचं अंथरूण, पाणी आणि शिधा गाड्यांत असू द्या, पण टपावर नाही, मागे खाली. दुसऱ्या दिवशी उतरायच्या आधी तिन्ही जागा पुन्हा चालत बघा, मोरीतले दगड हलले असतील.

आणि मोरीच्या अलीकडे गाडी फिरवायला जागा कुठे आहे ते चढतानाच हेरून ठेवा. तिसऱ्या जागी, तुटक्या कडेच्या वळणावर, जायचं नाही असं ठरलं तर तिथून रिव्हर्स किती लांब घ्यावा लागेल, हे आधी माहीत पाहिजे. रिव्हर्समध्ये बाहेरच्या कडेला चाक गेलेलं ड्रायव्हरला कळत नाही, म्हणून तिथे दोन माणसं: एक मागे डोंगराच्या बाजूला, एक पुढे. दरीच्या बाजूला कुणीच उभं राहायचं नाही, खुणा द्यायलाही नाही.

दगडांतून खाली आल्यावर चाकातून करकर असा धातूचा आवाज आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. हळू दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या, पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा स्क्रू ड्रायव्हरने जरा बाहेर वाकवा. त्याच वेळी ब्रेकची रबरी नळी हाताने चाचपून बघा, घासली असेल तर कराडलाच बदला, सोलापूरपर्यंत ओढू नका.